कपाच्या कानाचा मणी

मंगळवार, चौदा ऑक्टोबर, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. बाबा, याच वेळी लंडनच्या एका लिलावघरात निळ्या सुटातल्या एका माणसानं माझ्यादेखत तुमच्या कामाला ‘डिफेक्ट’ म्हटलं. वेळ मी भिंतीवरच्या घड्याळात पाहून ठेवली. तक्रार करायची तर आधी तारीख आणि वेळ लिहावी हे कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी शिकवलं, आणि तक्रार करावी हे आईनं. तुम्ही दोन्ही बाबतींत निरुपयोगी होतात. तुमच्या तोंडून कुणाविरुद्ध शब्द निघालेला मला आठवत नाही, म्हणून तुमच्या वतीनं भांडायला मला या वयात स्टॅनमोरहून ट्यूब रेल्वे पकडून जावं लागलं.

मी तिथं पोचले कशी, तेही सांगते. रिटायर झाल्यापासून मला एक नवा नाद लागलाय. तुम्ही इथं ज्या कारखान्यात कामाला होतात, त्यानं गिऱ्हाइकाच्या मापानं घडवलेल्या शिकारी बंदुका अधूनमधून लिलावात येतात, आणि त्यांचे फोटो हल्ली घरबसल्या पडद्यावर मोठे करून बघता येतात. लोक त्यातलं नक्षीकाम बघतात, अक्रोडाचं लाकूड बघतात. मी सरळ नळीच्या टोकाशी जाते आणि नेम धरायचा पुढचा मणी बघते, कारण तो तुम्ही बसवत होतात. गेल्या महिन्यात एका रायफलीचा मणी मोठा करून पाहिला तर पांढऱ्यावर, एका कडेला, निळा ठिपका. माझा चहा गार झाला. तो मणी आमच्या कपाचा होता, बाबा.

विसरला असाल तर आठवण करून देते. रानरेडा आणि हत्ती मारायच्या त्या बंदुकांना पुढे पांढरा मणी लागायचा, झाडीच्या अंधारात पटकन दिसावा म्हणून, आणि तो करायचे हस्तिदंताचा. तुम्ही मांस-मच्छी न खाणारे. तुम्ही फोरमनला सांगून आलात की हस्तिदंताला हात लावणार नाही. आईनं कपाळाला हात लावला. मी तेव्हा चौदा वर्षांची, पुण्याचं कॉन्व्हेंट सोडून नुकतीच इकडे आलेली. मी म्हटलं, “हत्ती मारायची बंदूक चालते, दात तेवढा चालत नाही? ही कुठली अहिंसा?” तुम्ही पोळीचा घास तसाच हातात धरून म्हणालात, “तोंडाला जरा कानस लाव, बाळ.” बस, एवढंच. मग एक दिवस आईच्या नव्या टी-सेटमधला निळ्या किनारीचा कप फुटला. त्याचा कान तुम्ही रुमालात गुंडाळून कामावर नेलात आणि त्यातून मणी घडवलात. हस्तिदंतापेक्षा पांढरा, कधी पिवळा न पडणारा. फोरमन खूश, तुम्ही खूश. तो संपूर्ण उन्हाळा आमच्या घरात सुखाचा होता. शेवटी मी शाळेतल्या ज्ञानकोशात वाचून आले आणि चहाच्या वेळी जाहीर केलं, की या चिनी मातीत जाळलेल्या गुरांच्या हाडांची राख घालतात.

तुम्ही हातातला कप बशीत ठेवलात. आई म्हणाली, “अहो, इतके महिने यातनंच पितोय की आपण.” तुम्ही म्हणालात, “तेव्हा माहीत नव्हतं.” त्यानंतर मरेपर्यंत तुम्ही स्टीलच्या पेल्यातून चहा प्यायलात, आणि मणी करायला लागलात पांढऱ्या एनॅमलचे. म्हणजे निळ्या ठिपक्याच्या बंदुका त्या एका उन्हाळ्याच्याच, आणि त्या असून असून किती असतील? आयुष्यात मला ही एकच भेटली.

तर मंगळवारी मी ती बघायला गेले. निळा सूट सभ्य होता, नाही म्हणत नाही. मी कोण ते सांगितल्यावर त्यानं खुर्ची दिली, बंदुकीचा बोल्ट काढून ती रिकामी असल्याचं दाखवलं, आणि मग जे बोलला ते बोलला. आम्ही इंग्रजीत बोललो, पण तुमचं इंग्रजी मला माहीत आहे, म्हणून मराठीत सांगते.

“मॅडम, काम सुंदर आहे. पण पुढचा मणी उंच राहिलाय. कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी तो घासून बरोबर उंचीला आणायला हवा होता. कुणीतरी विसरलं. बंदूक खाली मारते. नेम धरायची मागची खाच आणि पुढचा मणी, यांना आम्ही साइट म्हणतो. कॅटलॉगमध्ये ‘मूळ साइटमध्ये डिफेक्ट’ असं लिहावं लागेल.”

“कुणीतरी म्हणजे माझे वडील,” मी म्हटलं. “आणि ते विसरायचे नाहीत. त्यांना माझा वाढदिवस लक्षात असायचा, आणि तो त्यांनी एकदाही साजरा केला नाही. सिद्ध करा.”

त्यानं सिद्ध केलं. नळीत एक लेझरची कांडी बसवली, म्हणजे नळीचं तोंड जिथं वळेल तिथं भिंतीवर हिरवा ठिपका. समोरच्या भिंतीवर फुलीचा कागद. त्यानं लाकडाला गाल टेकवून, मणी मागच्या खाचेत बसवून फुलीवर नेम धरला. ठिपका फुलीच्या बराच खाली. मी म्हटलं, “द्या इकडे.” आयुष्यभर लोकांचे डोळे तपासले, एक खाच आणि एक मणी मला दिसणार नाही? बंदूक खांद्याला लावली, मणी फुलीवर धरला. बाबा, ठिपका बरोबर फुलीवर!

“बघा!” मी म्हटलं. “डिफेक्ट डोळ्यात होता. माझ्याकडे आला असतात तर नंबर काढून दिला असता.”

तो हसला. “मॅडम, तुम्ही गाल टेकवलेला नाही. मान वर काढून वरून बघताय. खाच तुम्हाला दिसतच नाहीये, नुसता मणी दिसतोय. असं कुणी बंदूक धरत नाही.”

“मी गाल कशाला टेकवू? बंदूक आहे, उशी नव्हे.”

तो म्हणाला, कॅटलॉग शुक्रवारी दुपारी बाराला छापायला जातो. तोपर्यंत मणी उंच का याचं कारण दिलं तर छापेन. नाही दिलं तर ‘डिफेक्ट’. आणि घेणारा बहुधा या जुन्या साइट काढून टाकून वर रेड डॉट बसवेल. तो प्रकार मी त्याच्याकडून पूर्ण समजून घेतला, राग विसरून. एक छोटी काचेची चौकट, तिच्यात लाल ठिपका तरंगतो. डोळा जरा इकडे-तिकडे झाला, मान वर झाली, तरी ठिपका जिथं तिथंच गोळी. तुम्हाला फार आवडलं असतं. वाईट एवढंच वाटलं, की त्याच्यासाठी आमच्या कपाचा कान कचऱ्यात जाणार.

घरी आल्यावर तुमचं जुनं प्रात्यक्षिक पुन्हा करून पाहिलं. तुम्ही एकदा स्वयंपाकघरात आईचं लाटणं घेऊन, त्याच्या टोकाला भिजवलेला साबुदाणा कणकेनं चिकटवून, अलीकडे काट्याचे दोन दात धरून मला सगळं दाखवलं होतंत. ही उघडी खाच, जवळच्या झाडीसाठी. मागच्या या पात्या लांबच्या अंतरासाठी उभ्या करायच्या. संध्याकाळी उजेड गेला की मोठा मणी उलटून वर आणायचा. ज्याचं वय झालं, ज्याला खाच, मणी आणि जनावर तिन्ही एकदम स्पष्ट दिसत नाहीत, त्याला बारीक भोकाची चकती. ज्याला लांबूनच काम उरकायचंय त्याला दुर्बीण, पण ती अशी बसवायची की जनावर अंगावर आलं तर एका झटक्यात काढता यावी. “गिऱ्हाईक काय मागतं ते ऐकायचं,” तुम्ही म्हणालात, “आणि मग त्याला काय दिसतं ते बघायचं.” मी पुढे डोळ्यांच्या डॉक्टरकीपेक्षा चष्म्याच्या कामाकडे वळले त्याला हे लाटणंच कारणीभूत, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. साबुदाणा मात्र आईनं धुऊन खिचडीत टाकला.

परवा रात्रीच्या जेवणाला बसले आणि कानस आठवली. कानस तुमच्या खिशात होती, आणि ती तुम्ही बाहेर काढली नव्हतीत. तो शनिवार. शाळेला सुट्टी, आई आजारी, म्हणून तुम्ही मला शहराबाहेरच्या मैदानावर बरोबर नेलंत, जिथं तयार बंदूक गिऱ्हाइकासमोर झाडून पाहायची. उन्हाळा तोच, कपाचा. मी कापूस घातलेल्या कानांवर हात दाबून बाकावर बसलेय. गिऱ्हाईक भलंमोठं, लाल मानेचं, आवाज असा की माझ्या कापसातून ऐकू येतोय. आफ्रिकेला निघालाय, रेडा मारायला. तो झाडतो, गोळी वर जाते. पुन्हा झाडतो, पुन्हा वर. फोरमन तुमच्याकडे बघतो. तुम्ही लक्ष्याकडे बघतच नाही, त्या माणसाच्या गालाकडे बघताय. मग पुढचा मणी काढून त्याहून उंच मणी बसवता, आणि तो जराही न घासता बंदूक परत देता. तो झाडतो. मधोमध. तो गर्जना करतो, तुमच्या पाठीवर थाप मारतो, तुम्ही अर्धा फूट पुढे जाता.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, “कानस का नाही लावली?” तुम्ही बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलंत. मग हळू आवाजात, जणू बसमध्ये सगळ्यांना मराठी येतं अशा बेतानं म्हणालात, “तो घाबरतो गं. घोडा दाबायच्या आधी तोंड वर काढतो. त्याला सांगितलं तर त्याचा अपमान होईल. म्हणून बंदुकीला सांगितलं. कुणाला बोलू नकोस.”

म्हणजे मणी मुद्दाम उंच होता. ती बंदूक एका घाबरणाऱ्या माणसाच्या मापानं घडवली होती, आणि ते माप तुमच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. मी इतकी खूश झाले की बुधवारी नऊ वाजता लिलावघराला फोन लावला. निळा सूट फोनवर आला, आणि माझ्या तोंडात वाक्य तयार असताना त्यानंच विचारलं, “हे विकणारे, ज्यांच्यासाठी ही बंदूक घडवली त्या साहेबांचे नातू आहेत, मॅडम. आजोबांचा फोटो देताहेत, हीच रायफल घेतलेला. खाली काय लिहायचं सांगितलंय माहितेय? ‘भीती न जाणणारा माणूस’. मग, कारण सापडलं का?”

मी म्हटलं, “उद्या सांगते.” मी! जिनं आयुष्यात एक उत्तर दुसऱ्या दिवसावर ढकललं नाही.

आज गुरुवार. सकाळपासून तुमच्याशी भांडतेय. खरं सांगितलं तर तुमच्यावरचा डाग पुसला जातो, पण ज्याची लाज तुम्ही झाकलीत ती मी नातवासमोर, छापून, चव्हाट्यावर आणते. गप्प बसले तर त्या लाल मानेच्या माणसाची भीती झाकलेली राहते, आणि तुमच्या हाताखालून गेलेल्या कामावर ‘डिफेक्ट’ छापलं जातं. तुम्ही काय केलं असतंत ते मला ठाऊक आहे. तुम्ही स्टीलच्या पेल्यातून चहा प्यायला असतात. पण तुम्ही गेलात, तुम्हाला काय! मला रोज त्या पडद्यावर बघावं लागेल. आणि खरं विचाराल तर मला एक जुना रागही आहे: बसमध्ये तुम्ही मला ‘कुणाला बोलू नकोस’ म्हणालात, जगातल्या सगळ्या माणसांमधून मला, माझं तोंड माहीत असून. तो विश्वास होता की शिक्षा, हे मला अजून कळलेलं नाही.

शेवटी दुपारी एक मार्ग सुचला. मी निळ्या सुटासाठी दोन ओळी लिहून ठेवल्यात: ‘पुढचा मणी कारागिरानं जाणूनबुजून उंच ठेवला आहे. जो घाबरून मान वर काढतो, त्याच्या हातात ही बंदूक अचूक लागते; कारागिराच्या मुलीच्या हातात ती अशीच अचूक लागल्याचं आमच्या कार्यालयात पाहिलं गेलं.’ त्यात साहेबांचं नाव नाही. घाबरणारी मी. आणि बाबा, ते खोटंही नाही. मंगळवारी उशीबिशीची भाषा केली, पण गाल टेकवला नाही तो भीतीनं. रिकामी बंदूक, बोल्ट टेबलावर, समोर सभ्य माणूस, आणि तरी ती फुटेल म्हणून मी मान वर काढली होती. त्या शनिवारी बाकावर कानांवर हात दाबून बसले होते, तशीच. नातू वाचेल आणि म्हणेल, एक म्हातारी भारतीय बाई बंदुकीला घाबरली. म्हणू दे.

हे पत्र टाकायला पेटी नाही, मला कळतं. ते लाटण्याच्या ड्रॉवरमध्ये राहील. तरी प्रक्रिया म्हणून सांगते. त्या दोन ओळींना तुमची हरकत असेल, तर ती उद्या, शुक्रवार, सतरा ऑक्टोबर, दुपारी बाराच्या आत मला लेखी कळवावी. तोंडी चालणार नाही, आणि नुसतं खिडकीबाहेर बघितलेलं तर मुळीच चालणार नाही.