मंगळसूत्रातली चावी

आई, सविनय जयभीम.

करुणाला आयसीयूत नेताना नर्सने तिचं मंगळसूत्र तुमच्याकडे दिलं. त्यात ओवलेली छोटी चावी कपाटाची नाही. दोघांच्या राजीखुशीने मी माझ्या अवघड जागी कुलूप घालतो, त्याची ती. सूज येऊ नये म्हणून करुणा दर रविवारी ते उघडून, धुऊन पुन्हा लावायची. हा रविवार तसाच गेला.

अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर, म्हणतात. इथे दुखणं जावयाचं आणि चावी सासूकडे.

मिरजोळ्याच्या वर्कशॉपमध्ये मी ते मिनिटात कापेन. पण कापलं, तर ती उठणार नाही असं मीच ठरवल्यासारखं होईल. फार भीती वाटते, आई.

हे पत्र देणार नाही. उद्या एवढंच म्हणेन, मंगळसूत्र जपा, ती उठली की मागेल.

तुमचा
अभय