लाईन गेली तवा लाईन आली

सोम. १२ जाने.
सारिकानं कॉलेजच्या प्रयोगाची पत्र्याची परात, टीव्हीच्या डिशवानी, बिराच्या रानात बसवली. नात माझी, रान धाकट्या भावाचं. म्हणं तितं खोलगट हाय, मोबाईलला रेंज न्हाई, म्हणून बरं. माझ्या रानात कुठं रेंज येती? बिरा गावभर मिशी पिळत फिरतोय. पोरगी चा बी तितंच पिती.

बुध. १४
संक्रांत. तीळगूळ द्यायचं निमित्त, गेलो बघायला. चांदण्यांच्या मधी वायूचा ढग हाय म्हणं, त्याचा लय बारीक आवाज परातीत धरायचा. त्या आवाजाला लाईन म्हणत्यात. सारिका रडकुंडीला. "आबा, लाईन गावंनाच."
"आगं बल्ब पेटलाय की! हाय लाईन."
बिरा हसून हसून आडवा. हसायला काय झालं? आमच्यात लाईन म्हंजे लाईट.

शुक्र. १६
सारिका घरी आली. चा घेतला. मला वाटलं... पर काम निघालं. डुकरं शाळवात शिरू नयेत म्हणून माझ्या तारेला झटका मशीन हाय. त्याची टकटक परातीत घुसती.
"आबा, एक रात बंद ठेवा. ढग न्हाई गावला तर कॉलेजवाले परात काढून नेतील."
तोंडावर न्हाई म्हनलं. कणसं भरल्यात. बिराच्या रानाचं नाव व्हावं म्हणून माझा शाळू डुकरास्नी?

शनि. १७
बंद केलं. कुणाला बोललो न्हाई.

रवि. १८
बांधाकडचा शाळू आडवा. लय.
सारिका पळत आली, "आबा, आली लाईन!" कंप्युटरवर एवढासा फुगवटा, मुंग्यांनी माती काढल्यावानी. ह्याच्यापायी...
"मशीन बंद केलं तुमी, व्हय ना?"
"लाईन गेल्ती," म्हनलं.
मागं बिरा. "दादा, माझ्या रानात ढग गावला." ढग काय रताळं हाय, रानात गावायला?

मंगळ. २०
सांगलीस्नं सारिकाचा फोन. कॉलेजवाले खूश, परात अजून ठेवायची. "आबा, आता तुमच्या रानात लावू?" लगीच कशाला व्हय म्हणायचं. बघतो म्हनलं. जागा झाडून ठेवली.

गुरु. २२
बिरानं नवं झटका मशीन आणलंय. त्याच्या तुरी कवाच काढून झाल्या. राखतोय काय, धसकटं? माझ्या बांधाला लागूनच तार वढतोय.
जाऊन बोलायचं म्हंजे 'बंद ठेव' म्हणाय लागंल. बिराला. मी.