कूलरमधली बाई

१० मे, अकोला
सकाळच्या बसने अमरावतीहून भावाकडे आले. देवमन त्याच्या मुलाकडे पुण्याला गेला; तो परत येईपर्यंत आमची धाकटी बहीण जयवंता इथे माझ्या भरवशावर. तिला स्किझोफ्रेनिया आहे. खिडकीबाहेरच्या कूलरमधून एक बाई शिव्या देते, असं म्हणायची. औषधांनी ती बाई गप्प झाली. निघताना देवमन खुशीत होता. म्हणाला, आता लय शांत झाली ताई, तुले काहीच काम नाही. मी हसले. निवृत्त मुख्याध्यापिकेला काम सापडतंच. कूलरचं पाणी भरायची जबाबदारी जयवंतावर टाकली.

१४ मे
पाणी भरत नाही. पडून असते. जेवण चार घास, आंघोळ टाळते. ऊठ, जेव, गोळी घे, दिवसभर मीच बोलते. शिस्त नाही, दुसरं काय! शेजारच्या मैनाबाई म्हणाल्या, पहिले तं गल्ली डोक्यावर घेत होती, आता कशी गरीब गाय झाली. डॉक्टरांचा फोन आला. शांत आहे, असं मी सांगितलं.

१९ मे
भर दुपारी जयवंता बंद कूलरच्या जाळीला कान लावून बसलेली. घामाने निथळत होती. कावून बसली इथं, कशापायी? विचारलं. म्हणाली, थे बाई बोलूनच नाही राहिली. शिव्या देत होती, पण माह्यं नाव घेऊन देत होती. आता मले कोणी बोलावतच नाही.
मी कूलर लावला. ती हलली नाही.

२१ मे
तिने ठेवणीतली जांभळी साडी मला दिली. मैनाबाईंना चांदीच्या तोरड्या. सुधारते आहे, असं वाटलं.
संध्याकाळी घडी घालताना हात थांबला. आमच्यात साडी देतात ती पाहुणी निघताना. मी तर निघत नाही. मग —

२२ मे
डॉक्टरांना सगळं सांगितलं. आवाज गेले म्हणजे बरी झाली असं नाही, म्हणाले. या आजारात उदासीही जीव घेते. एकटं सोडू नका, आत्ता घेऊन या.
शांत. हा शब्द मीच त्यांना —
ऑटो सांगून आले. तिच्या खोलीला आतून कडी.

दार हलत नाही. मैनाबाई माणसं आणायला धावल्या. ठोठावतेच आहे. कूलर चालू आहे. मी लावला नव्हता —

अंगणात आले. कूलरला तोंड लावून हाका मारल्या. जयवंता. जयवंते. काहीच नाही. मग शिव्या दिल्या. आयुष्यात तोंडातून काढल्या नव्हत्या अशा, तिचं नाव घेऊन —

आत पलंग करकरला.
म्हणाली, आलीस का तू? कुठी गेली होतीस?
मी ताई आहे, हे सांगू की —
पावलं. दाराकडे की —
थांबता येत नाही. जयवंता. जयवं