पुंता आमार्गात दार ठोकत नाहीत

४ एप्रिल २००३
पुंता आमार्गा गावात पोचलो. खाणकामगारांच्या चाळीतलं घर मिळालं आहे: विटांचं, एक दार, एक खिडकी, समोर समुद्र. कोळशाची खाण त्याच समुद्राच्या तळाखाली. ती बंद पडून सहा वर्षं झाली; आता तिचं संग्रहालय करायचं, म्हणून विद्यापीठाने मला पाठवलं. फार दिवसांनी इतकं प्रसन्न वाटतं आहे.

शेजारच्या एर्मेलिंदाबाईंना भेटायला गेलो, सवयीने दारावर तीनदा टकटक केली. आत काहीतरी फुटलं. बाई दारात आल्या त्या पांढऱ्याफटक; मग हसल्या. "मास्तर, इथे हाक मारायची. देवाने तोंड दिलंय ना?" आणि भट्टीतला गरम पाव हातावर ठेवला.

७ एप्रिल
खरंच कुणी दार ठोकत नाही. पोस्टमनही फाटकातून ओरडतो. सुतार खिळा मारत नाही, स्क्रू पिळतो.

म्हातारे गवंडी बाउदिलिओ आज खाणीत घेऊन गेले. भरभराटीच्या गोष्टी सांगत होते: नाचघर, बोटीने आलेला पियानो, रविवारी पॉलिश केलेले बूट. मग एक बुजवलेला बोगदा लागला. सहासष्टची आग. माणसं आत असतानाच ही भिंत बांधली, नाहीतर सगळी खाण जळाली असती, म्हणाले. विटा त्यांनीच रचल्या. आतून ठोके येत होते का, हे मी विचारायला नको होतं. "त्या भिंतीवर हे गाव तीस वर्षं जेवलं, मास्तर."

ते पुढे गेल्यावर मी भिंतीवर तीनदा ठोकलं. जाडी अजमावायला, असं स्वतःला सांगतो आहे. की श्रद्धांजली? की नुसता आगाऊपणा?

आतून तीन ठोके आले. प्रतिध्वनी असणार.

९ एप्रिल
एर्मेलिंदाबाईंना सांगितलं. त्या पीठ मळायच्या थांबल्या. खाणीत तीन ठोके म्हणजे "येतोय, धीर धरा". ते फक्त सोडवायला जाणाऱ्याने द्यायचे. त्यांचा नवरा त्या भिंतीआड होता. आतून येणाऱ्या ठोक्यांना त्यांनीसुद्धा कधी उत्तर दिलं नव्हतं. "तुम्ही शब्द देऊन आलात," एवढंच म्हणाल्या.

१० एप्रिल
माझ्या फरशीखाली ठोके. चर्चमध्ये गेलो — तिथेही, माझ्याच पायाखाली. लोक बाकं सोडून उठले. बाउदिलिओ म्हणाले, शब्द देणाऱ्याच्या मागे येतात ते. आवाजात राग नव्हता.

११ एप्रिल
दार बाहेरून अडवलं आहे. विटा उतरवताहेत. सगळं गाव आलं आहे, कुणी हाक मारत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर — प्रामाणिकपणे लिहायचं तर —

खिडकी निम्मी बुजली. बाउदिलिओंचा हात अजून सफाईदार आहे.

शेवटच्या फटीतून एर्मेलिंदाबाईंनी पाव दिला. "ताजा आहे, मास्तर."

अंधार. चाचपडत लिहितो आहे. भिंत ठोकली. पुन्हा ठोकली. बाहेर पावलं आहेत, श्वास आहेत. उत्तर —

फरशीखालून. तीन.

फरशी हल