लॅमिनेशन केलेला गवा

नंदनवन, नागपूर
बुधवार

प्रिय साडूभाऊ मारोतराव यांस,

रुपरावचा सप्रेम नमस्कार. इकडे सगळ्यांच्या तब्येती उत्तम आहेत, माझी सोडून. तुमचा गुडघा काय म्हणतो? शोभाताईंचा खोकला थांबला का? (कन्हानच्या धुळीत राहूनही तुम्ही माझ्यापेक्षा सुखी आहात.) खरं तर फोनच करणार होतो, पण माझा आवाज चढला असता आणि स्वयंपाकघरात ऐकू गेला असता, म्हणून हा कागद.

साडूभाऊ, माझी १९०१ सालची दहा डॉलरची नोट गेली. चोरीला गेली असती तर पोलीस ठाण्यात तरी गेलो असतो. ती घरातच आहे आणि मेली आहे. तीच ती, मधोमध दांडगा अमेरिकन गवा आणि दोन्ही बाजूंना दोन प्रवासी साहेब. तिच्यासाठी मी आख्खा तिकिटांचा संग्रह एका परक्या गृहस्थाच्या हवाली केला होता. तिला हात लावायचा तर मी हात धुऊन, कोरडे करून, पंखा बंद करून, दोन बोटांनी कडेला धरायचो. (त्या वेळी घरात कोणी शिंकलेलंही मला चालायचं नाही.) आणि सोमवारी, माझ्या पासष्टाव्या वाढदिवसाला, तुमच्या मेहुणीबाई भांडी घ्यायला जाते असं सांगून ऑटोने इतवारीत गेल्या आणि त्या नोटेचं लॅमिनेशन करून आल्या. गरम मशीनमधून, दोन्ही बाजूंनी. वर चारही कडा सारख्या दिसाव्यात म्हणून त्या नराधम दुकानदाराने कागदाला कात्रीही लावली.

हे प्लास्टिक आता कागदाला असं चिकटलं आहे की काढायला गेलो तर गवाही सोलून निघेल. कोणताही संग्राहक तिच्याकडे ढुंकून बघणार नाही. नऊ वर्षं तुमच्या मागे लागून मी तुमच्या त्या पाच डॉलरच्या, रेड इंडियन सरदाराच्या नोटेशी अदलाबदल जमवली, येत्या रविवारचा दिवस ठरला, आणि आता मी तुम्हाला काय देऊ? आपल्या लोकांना झालंय तरी काय? मार्कशीट दिसली की लॅमिनेट, सातबारा दिसला की लॅमिनेट. (आमच्या घरातली सगळी मीच केली, हे खरं आहे. लग्नपत्रिकासुद्धा. जे जपायचं ते लॅमिनेट करायचं, हे पस्तीस वर्षं मीच घरात सांगत आलो. पण त्याचा इथे काही संबंध नाही.)

नोट माझ्या हातात ठेवून मनकर्णा म्हणाली, "आता पाणी सांडलं तरी तुमच्या रेड्याले काही होत नाही. अन् हे काय, घाम काहून फुटून राहिला तुम्हाले?" माणसाने किती सहन करावं, याला काही मर्यादा असते, ती माझी सोमवारी दुपारी संपली.

आपला संतप्त,
रुपराव

ता. क. तिला यातलं काही माहीत नाही. तीस वर्षं ती माझ्या संग्रहाला अमेरिकेची रद्दी म्हणत आली. परवा पहिल्यांदा तिने त्यातलं काही जपलं. ऑटोत पदर उडत होता तरी सावरला नाही म्हणे, कारण दोन्ही हातांत नोट होती. मी तिला म्हटलं, हे मलाच आधी सुचायला हवं होतं. म्हणून रविवारी ठरल्याप्रमाणे याच. ती नोट दाखवेल. नीट न्याहाळा आणि म्हणा, वा, आता हिची किंमत वाढली. (तुम्हाला खोटं बोलता येत नाही, तेव्हा वाटेत सराव करा.) शोभाताईंना सांगू नका, दोघी बहिणी रोज फोनवर असतात.

ता. क. दुसरा. तुमचा सरदार मात्र घरीच कुलपात ठेवून या. दुकानदाराने एकावर एक लॅमिनेशन फुकट दिलं आहे आणि त्याची चिठ्ठी मनकर्णेने तुमच्यासाठी जपून ठेवली आहे.