मास्तरांच्या गाडीचा तिसरा बोल्ट

प्रिय सूनबाई,

तुझा फोन येतो, तू सासूबाईंशी बोलतेस, आणि मी शेजारच्या खुर्चीत पेपर धरून सगळं ऐकतो, हे तुलाही ठाऊक आहे. म्हणून म्हटलं पत्रच पाठवावं. पत्राला ‘जरा आईंकडे द्या’ म्हणता येत नाही. मुद्द्याचं आधी सांगून टाकतो. तुम्ही दोघं नव्याने राहायला गेलात तिकडे त्या जुन्या गाड्यांच्या वर्कशॉपवाल्याने तुला कामावर घ्यायचं कबूल केलंय, फक्त शनिवारपर्यंत अनुभवाचा लेखी दाखला हवाय. तो तू माझ्याकडे दोनदा मागितलास, आणि दोन्ही वेळा मी म्हणालो, काय लिहू, माझ्या गॅरेजात सहा वर्षं पाने पुसलेस म्हणून? तेव्हापासून आमचे चिरंजीवही माझ्याशी जेवलात का, झोपलात का, यापलीकडे बोलत नाहीत. दाखल्याकडे मी येणार आहे, पण माझ्या वाटेने येईन. पस्तीस वर्षं गॅरेज चालवलेला माणूस एकदम इंजिनात हात घालत नाही, आधी बॉनेट उघडतो.

गेल्या आठवड्यात मास्तर गाडी घेऊन आले. तीच ती, तुझ्याहून वयाने मोठी आणि सासूबाईंहून मोठ्या आवाजाची. (हे वाक्य ठेवायचं की नाही यावर इथे बरीच वादावादी झाली. ठेवलं.) इंजिनापाशी धुराच्या पाइपाचं पॅकिंग जळलं होतं, गाडी नुसती फटफटत होती. पॅकिंग बदलणं म्हणजे माझ्या हातचा मळ. मास्तर स्टुलावर बसले, मी बाह्या सरसावल्या. चारातले दोन बोल्ट निमूट सुटले, तिसरा हटून बसला. गंजाने तो आणि इंजिन एकजीव झालेले. इथे शहाण्या माणसाने थांबायचं असतं. पण समोर मास्तर, आणि मी म्हणजे मी! पाना लावला आणि दिला हिसका. पाना डोक्यावर नीट बसलाय की नाही हे बोटांना कळायला हवं होतं, ते कळलं नाही. पाना सटकला आणि बोल्टचं डोकं गोल गरगरीत झालं. मग एक माप लहान पाना हातोडीने ठोकून बसवला, त्याच्या दांड्यावर पाइप चढवला आणि सगळा भार टाकला. मोडेन पण वाकणार नाही ही आमच्या घराण्याची रीत, ती त्या बोल्टनेही उचलली. कट्! तो आवाज तू ओळखतेस. डोकं पान्यात आणि धड इंजिनात. मास्तरांनी विचारलं, निघाला का हो? मी म्हणालो, अर्धा निघाला.

खरं सांगू? त्या क्षणी तुझी आठवण झाली, आणि आठवण होताच तुझाच राग आला. तुझी पद्धत मी कधी मान्य केली नव्हती. तू आदल्या दिवशी बोल्टला तेल पाजून ठेवायचीस, दुसऱ्या दिवशी त्याच्या डोक्यावर हातोडीने टकटक करत बसायचीस, आणि सोडवण्याआधी त्याला केसभर कसायचीस. अगं, सोडवायचा तो कसतेस काय, म्हणून मी गिऱ्हाइकांदेखत हसलो होतो. तू म्हणालीस, बाबा, गंज बेसावध असतानाच त्याला गाठायचं. मी म्हटलं, ही पुस्तकातली अक्कल. तू कुठलं पुस्तक वाचलंस? सहा वर्षं गाड्यांखाली पाठ टेकून शिकलीस. आणि शेवटची दोन वर्षं तर गाडीखाली तू एकटीच असायचीस. मी बॉनेटपाशी उभा राहून गिऱ्हाइकाशी मोठमोठ्याने बोलायचो, तू खालच्या खाली काम उरकायचीस, आणि गिऱ्हाईक पुढे येईपर्यंत मी डब्यातलं ग्रीस हातांना चोळून तयार! याच मास्तरांच्या गाडीचं गंजलेलं मागचं चाक गेल्या वर्षी तू मोकळं केलंस, आणि ‘तुमच्या हाताला तोड नाही हो’ हे मी ऐकून घेतलं. वर त्यांनी आणलेला चहाही प्यायलो. तू नळावर हात धूत होतीस. माझ्या उजव्या हाताची बोटं बधिर होतात हे तुला कळलं होतं, तुला कळलंय हे मला कळलं होतं, आणि आपण दोघंही त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हतो.

तर मास्तरांना म्हटलं, गाडी राहू द्या, परवा या. हा शब्द माझ्या तोंडून त्यांनी पहिल्यांदाच ऐकला असेल. बोल्टचा तुकडा नखाएवढा बाहेर राहिला होता, एवढंच नशीब. त्याला तेल पाजलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाजलं. मग शेजारच्या वेल्डरला बोलावून तुकड्यावर एक नट चिकटवून घेतला, म्हणजे पान्याला धरायला नवं डोकं मिळालं. वेल्डिंगने तापलेलं सगळं निवू दिलं. तोवर सासूबाई तीनदा जेवायला बोलावून गेल्या, तिसऱ्यांदा तर म्हणाल्या, आता त्या बोल्टशीच संसार करा. मी डाव्या हाताने टकटक केली. मग पाना लावला आणि देवाचं नाव घ्यायच्या ऐवजी तुझं घेतलं, आणि केसभर कसला. किर्र झालं. हलला गं, हलला! आता ओढ, असं माझ्यातला जुना माणूस ओरडत होता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते काही उगाच नाही. पण नाही ओढला. जरा पुढे, जरा मागे, पुन्हा थेंबभर तेल. पाऊण तास लागला. अख्खा तुकडा बाहेर आला आणि आत बघतो तर इंजिनातले आटे जसेच्या तसे, एकालाही ओरखडा नाही. मी नाचायचा तेवढा राहिलो. चौथाही तसाच काढला आणि नवं पॅकिंग बसवलं. मास्तर आले, तुकडा हातात घेऊन निरखला आणि म्हणाले, तुमच्या हाताला तोड नाही. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, मास्तर, ही विद्या माझी नाही, सुनेची आहे, आणि मागच्या वर्षीचं चाकही तिनेच काढलं. वाटलं, आता आभाळ कोसळतंय. मास्तर म्हणतात कसे, अहो ते मला माहीत आहे, ग्रीस तुमच्या तळहातांना असायचं, नखांत कधी दिसलं नाही! जन्मभर पोरांच्या कॉप्या पकडलेला माणूस तो. दोन वर्षं मी झाकली मूठ सांभाळत होतो आणि लोकांनी ती केव्हाच उघडून पाहिली होती. मी इतका हसलो की ठसका लागला.

आता दाखला. पाकिटावरचं अक्षर पाहूनच तू ओळखलं असशील की बोलतोय मी आणि लिहितायत सासूबाई. त्याचं कारण ऐक. तू पहिल्यांदा दाखला मागितलास त्याच संध्याकाळी मी कागद घेऊन बसलो होतो. पेन बोटांत राहीना. सही करायला गेलो तर कागदावर नुसते कोंबडीचे पाय उमटले. तसला कागद तुझ्या हाती पडला असता तर नवं काम, नवं घर, सगळं टाकून दुसऱ्या दिवशी तू माझ्या गॅरेजात गाडीखाली दिसली असतीस. मी तुला ओळखतो. तुला परत येऊ द्यायचं नव्हतं आणि हात गेला हे सांगायची हिंमत नव्हती, म्हणून त्यातल्या त्यात सोपं काम केलं, तुला दुखावलं. चुकलो, पोरी. तुझ्याइतका चांगला कारागीर माझ्या गॅरेजात दुसरा झाला नाही, त्यात मीही आलो. हे लिहिताना सासूबाई पेन थांबवून डोळे पुसतायत, तू लक्ष देऊ नकोस. डॉक्टर म्हणतात मानेतली शीर दबली आहे, उपचार सुरू केलेत, तू काळजी करायची नाही आणि परत यायचं तर नावच काढायचं नाही. सोबत दाखला ठेवलाय. शेवटची दोन वर्षं या गॅरेजातलं अवघड काम हिनेच केलं आणि मालक नुसता बोलत होता, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. मजकूर सासूबाईंच्या अक्षरात आहे, खालची सही माझी आहे, डाव्या हाताने केलेली. सात कागद वाया गेले, हा आठवा. शनिवारी वर्कशॉप उघडायच्या आधी दारात जाऊन उभी राहा, आणि सही कुणाची म्हणून त्याने विचारलं तर सांग, माझ्या बाबांची आहे.

तुझाच,
बाबा