बदामाची लाल पानं

सोमवार, २२ जानेवारी १९९६
गोडादरा, सुरत

आज सासूबाईंच्या डोळ्यावरची पट्टी निघाली. ऑपरेशन झाल्यापासून रोज एकच विचारायच्या, "दारचा बदाम लाल झाला का वं?" मी म्हणायची, "झालाय, पट्टी निघाली की बघा." आणि आज मीच... काय म्हणावं मला!

त्या दवाखान्यातून येणार म्हणून सकाळीच अंगण झाडलं. पुन्हा कचरा नको म्हणून फांदीवरची उरलेली पानंही काठीने पाडली आणि सगळी पाणी तापवायच्या चुलीत घातली. स्टोव्हचं रॉकेल वाचलं म्हणून वर खूशही झाले.

रिक्षातून उतरल्या उतरल्या त्यांनी वर बघितलं. नुसत्या काड्या. "लाल पाने कोठे गयात वं?" मी गुपचूप चुलीकडे बोट दाखवलं. त्या हसल्या, "जाऊ दे, पाणी तरी तापनं ना!" रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दुपारभर ते हसणंच डोळ्यांपुढे. एवढंही कळू नये मला?

शेवटी मागच्या गल्लीतल्या बदामाखाली गेले, पदरभर लाल पानं वेचून आणली आणि अंगणात पसरली. हे कामावरून आले ते दारातच थांबले. "लोकं अंगण झाडतात, तू कचरा विकत आणलास का?"

झाडल्याशिवाय तुळशीपुढे दिवा लावायचा नाही, हा माझा लग्नापासूनचा नेम. आज पानांतच लावला. त्या उजेडात सासूबाई एकेक पान उचलून डोळ्याजवळ नेत होत्या.

तुळशीमाते, रागावू नकोस. उद्याही झाडू उशिराच हातात घेईन.